मागच्या खोलीचं माप

घर विकायचं म्हणजे नुसती किल्ली देऊन भागत नाही. गळती कुठे, वाळवी कुठे, आत कोणी राहतं का, सगळं मालकाने घेणाऱ्याला लिहून द्यावं लागतं. सोबत खोल्यांच्या मापांचा नकाशाही लागतो. तो मी करतो, आणि घर रिकामं असल्याची सहीही माझीच. पूर्वी आम्ही दोघं भाऊ हे काम करायचो. दादा टेपचं टोक धरायचा, मी आकडा वाचायचो. दादा वारला तेव्हापासून टोक खिळ्याला अडकवतो आणि जेवतोही एकटाच.

त्या दुपारी मालकीणबाईंनी किल्ली दिली. "घर रिकामंच आहे हो. तासाभरात उरकेल."

मागच्या खोलीत ओल्या चुन्याचा वास होता. उजेड बेताचाच. टोक भिंतीतल्या खिळ्याला अडकवून मी मागे सरकत आलो आणि सवयीने बोलून गेलो, "धरलंस?"

टेपला दोन हलके झटके बसले.

दादा असंच 'हो' म्हणायचा. भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं, हातांचं कोणी बोललं नव्हतं. घाबरलो, खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त बरं वाटलं. वर्षभरात घरात मला कोणी 'हो' म्हटलं नव्हतं.

आकडा पाहिला. खोली बारा फुटांची, टेपवर साडेचौदा. जवळ गेलो तर खिळा मोकळाच. टेप भिंतीत शिरली होती, आणि भिंतीला साधी चीरही नव्हती. पलीकडे मोकळी गल्ली आहे, मी बाहेरून जाऊन पाहून आलो.

"दादा...?"

दोन झटके.

दुसऱ्या दिवशी एकोणीस फूट भरले, तिसऱ्या दिवशी एकतीस. मालकीणबाईंचा फोन आला.

"अहो, घेणारे खोळंबलेत. लेकरं घेऊन यायचंय त्यांना."

"एक माप राहिलंय, बाई."

"आणि आत कोणी नाही म्हणून सही?"

"ती... तीही राहिलीय."

सही केली की किल्ली परत द्यावी लागेल. मग मी कोणाला विचारू, धरलंस का म्हणून?

आज अठ्ठेचाळीस झाले. टेप पन्नास फुटी आहे. आज मी काही विचारलंच नव्हतं, तरी झटका बसला. एकच, आणि चांगला जोरात.

एक झटका म्हणजे, आता तू इकडे ये.