वर धरलेली मूठ

कशेडीचा बोगदा त्या दिवशी बंद होता, म्हणून आमची एसटी जुन्या घाटातून आली आणि दरडीपाशी अडकली. पलीकडे दुसरी बस उभी होती. सगळे चिखलातून तिकडे निघालो. माझ्यापुढच्या तरुणानं अचानक मूठ वर केली. मी आपली चालतच राहिले — थेट त्याच्या पाठीवर आदळले! आणि त्याच्यापुढं हातभर अंतरावर हा एवढा दगड कोसळला.

"मूठ वर म्हणजे थांबायचं," तो वळून म्हणाला.

"हे मला आधी कुणी सांगायचं?" माझे पाय चिखलात रुतले होते, जीभ मात्र शाबूत होती.

तो हसला. मग तळवा उघडून पुढं केला. "आणि हे म्हणजे... चला." इतक्या शांत डोळ्यांचा माणूस मी कधी पाहिला नव्हता.

मी महाडची, पोलादपूरला औषधांच्या दुकानात काम करते. त्याच आठवड्यात तो दुकानात हजर! जवळच्या कापडे गावचा रितेश, फौजेतून सुट्टीवर आलेला. आईच्या बीपीच्या गोळ्या हव्या होत्या. रोज यायचा, रोज दोनच मागायचा.

"अख्खी पट्टी घ्या ना."

"मग उद्या काय निमित्त काढू?"

मी लाजले. का खोटं बोलू?

एकदा त्याची आई, बनुबाई, सोबत आली. "फौजेत भांडारात हाय गो माझा. बंदुकीला हात नाय लावायला लागत," ती समाधानानं म्हणाली. रितेश भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

ती बाहेर पडल्यावर मी विचारलं, "भांडारात मुठीनं बोलतात वाटतं?"

आई लांब गेल्याची त्यानं खात्री केली. मग हळूच म्हणाला, "पॅरा स्पेशल फोर्सेस. आईला नाय सांगितलेलं. झोपच नाय लागायची तिला."

रविवारी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडाकाठी बसून त्यानं सांगता येण्याजोगं सांगितलं. निवडीला कितीतरी येतात, टिकतात मोजके. विमानातून काळोखात उडी टाकायची, शत्रूच्या मुलखात शिरायचं, काम करायचं आणि आपण तिथं होतो हे कुणाला कळूही द्यायचं नाही. म्हणून सगळं बोलणं खुणांचं. "मूठ दिसली की जो तो जागच्या जागी. ज्यानं मूठ केली, त्यानंच ती उघडायची. तोवर पाऊल उचलायचं नाय."

ज्याचं कौतुक चारचौघांत कधी व्हायचं नाही, असं काम हा माणूस करतो आणि घरी येऊन आईच्या गोळ्या नेतो! माझ्या अंगावर काटा आला. त्याच्याकडे बघायचं धाडस होईना... आणि नजरही हटेना.

"देवश्री, बोलावणं आलंय," तो म्हणाला. "उद्या निघतोय. कुठं, ते विचारायचं नाय. परत कधी, ते मलाही ठाऊक नाय. अशा माणसाला — हो म्हणशील?"

मी उठले आणि घरची बस धरली.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी धावत स्टँडवर पोचले, तर बस बाहेर पडत होती. दाराशीच तो दिसला. हाक मारली, ती इंजिनाच्या आवाजात बुडाली. मी मूठ वर केली.

तो चालत्या बसमधून उतरला!

"बस काय तुमच्या घरची हाय?" कंडक्टर ओरडला. रितेश माझ्यापुढं जागच्या जागी उभा.

"हो," मी म्हणाले. "काल विचारलंस ना, त्याला हो. तू जा. आईच्या गोळ्या मी पोचवीन. भांडाराची थापही मीच मारीन."

ते शांत डोळे भरून आले. कंडक्टरनं घंटी वाजवली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तरी हा हलेना. मग माझ्या लक्षात आलं — माझी मूठ अजून वरच होती.

ती उघडणं किती जड गेलं, माझं मला ठाऊक. एकेक बोट सोडवलं आणि तळवा त्याच्यापुढं धरला... चल.