एक रिकामं कार्ड

त्या काळी छापून होईपर्यंत शब्दकोश कार्डांवर, लाकडी खणांत राहायचे. आता कोशाच्या कचेरीचा तो जिनाही नाही नि ते खणही नाहीत, पण आठवलं की तिला अजून हसू येतं. ती तेव्हा तिथे टंकलेखिका होती. असाच एक खण घेऊन उतरताना वर येणाऱ्या उपसंपादकावर ती आदळली. सातशे कार्डं पायऱ्यांवर!

"डोळे घरी ठेवून येता का हो?" ती कडाडली.

"चुकलंच… आता सगळी परत क्रमाने लावायला बसावं लागेल. आठवडाभर… दोघांनी." शिक्षा सुनावल्यासारखं तो म्हणाला खरा, पण हसू काही लपेना.

आठवड्याचं वर्ष झालं. इंग्रजी वाक्प्रचारांच्या त्या कोशाचा नियम कडक होता. उदाहरणाचं वाक्य कुणीतरी खरोखर बोललेलं हवं, कार्डावर तारखेसकट. मनाने रचलेलं दिसलं, की उपसंपादकाची लाल पेन्सिल फिरलीच. दुपारी मात्र हाच माणूस तिच्या डोळ्यांवर ऊन नको म्हणून गुपचूप पडदा ओढायचा. तेवढ्यावर ती दिवसभर खूश. वेडीच होती!

शेवटी एकच कार्ड रिकामं उरलं — ‘ओव्हर द मून’. म्हणजे आनंद गगनात न मावणं. चार वाजता मजकूर छापखान्यात जायचा होता आणि उद्यापासून उपसंपादक दूरच्या शहरात, नव्या नोकरीवर. तरी पठ्ठ्याने मनातलं चकार शब्दाने सांगितलं नव्हतं. आज नाही तर कधीच नाही, हे तिला कळत होतं.

तिने इंग्रजीत एक वाक्य टाइप केलं आणि कार्ड त्याच्यापुढे ठेवलं. ‘त्याने मला मागणी घातली आणि मी ओव्हर द मून झाले.’ खाली आजची तारीख.

त्याने सवयीने पेन्सिल उचलली. "हे… कोण बोललं?"

"अजून कुणी नाही."

"म्हणजे रचलेलं! नियम ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"आहे की… म्हणून तर सांगतेय. चार वाजायला दहा मिनिटं आहेत."

त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कान लालबुंद झाले.

"माझ्याशी… लग्न कराल?"

तिला ते वाक्य ठणकावून म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं नि रडूच फुटलं.

"बोला ना हो," तो काकुळतीला आला, "नाहीतर कार्ड बाद होईल!"

तिने रडत, हसत नुसती होकाराची मान हलवली.

आणि नोकरीत पहिल्यांदाच त्याने न बोललेलं वाक्य पास केलं.