काळं जाळं

हे तुम्हाला पटायचं नाही, आत्ताच सांगतो. ही गोदूबाई तर आधीच हसायला लागलीय.

राणीचं राज्य होतं. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला गॅब्रिएल सापडला, चिखलात पालथा. मानेवर कोयत्याचा घाव. कोयता मात्र गायब. आदल्या सांजेला मासेमारीच्या जागेवरून मार्सेल त्याच्याशी भांडलेला. झालं! शिपायांनी मार्सेलला बांधलं.

त्याची बायको जुलिया फौजदाराच्या वाटेत आडवी पडली. "साहेब, याला नेलंत की फासावरच चढवाल."

फौजदार गुरुदत्तनं शिपायांना थांबवलं. वस्तीतून फिरला. वारा पडलेला. कावळेही गप्प. बांबूंवर जाळी वाळत होती, सगळी तांबडी. एकच काळंकुट्ट, प्रेताच्या ओठांसारखं.

"हे कुणाचं?"

"माझं." गॅब्रिएलचा शेजारी कॉस्मास पुढे आला.

"रंग कसला?"

"झाऊच्या गाठींचा. किडा झुडपाच्या फांदीत अंडी घालतो, तिथं गाठ येते. त्या उकळायच्या, काढा रांजणात ओतायचा, जाळं रातभर बुडवायचं."

"रांजणाला दुसरं कुणी हात लावतं?"

"कुणाची छाती आहे? मी त्याच्या उशालाच झोपतो!"

"मग काळं कसं?"

"गाठी जास्त पडल्या असतील."

"घाल त्या रांजणात हात."

कॉस्मास जागचा हलेना. गुरुदत्तनं बाही सारली, कोपरापर्यंत हात बुडवला. वर आला तो कोयता घेऊनच.

"गाठी कितीही टाक, जाळं तांबडंच निघतं. त्यात लोखंड पडलं की शाई होते. रात्री ओहोटी होती. खाडीत फेकला असतास तर कोयता चिखलात उघडा पडला असता. म्हणून भिजत्या जाळ्याखाली सरकवलास. गॅब्रिएलची जागा तुला हवी होती, आणि भांडण मार्सेलचं गाजलेलं. आयताच बळी!"

"कोयता माझा कशावरून?" कॉस्मास गुरगुरला.

आणि तेवढ्यात, देवाशपथ, रांजणातल्या गाठीतून माशी भुर्रकन उडाली ती थेट कॉस्मासच्या नाकावर! फौजदार म्हणाला, "ही बघ साक्षीदार." कॉस्मास सगळं ओकला. मार्सेलचे दोर तिथंच सुटले, अन्...

"थांब रे मारुतीदादा," गोदूबाई म्हणाली. "उकळलेल्या गाठीतून जिवंत माशी? अरे खोटारड्या! नाकावर माशी बसली म्हणून कुणी खून कबूल करतो होय? फौजदारानं त्याला किती कुटला, ते सांग."