खोडलेले ओठ

गल्लीत त्याला सगळे कवळीवाला म्हणत आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे. दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यामागे त्याची छोटी खोली होती. तिथे तो लोकांच्या कवळ्या बनवायचा, मोडलेल्या जोडायचा. कुणाच्या तोंडातून नुकतीच निघालेली, लाळेने बुळबुळीत कवळी तो चष्मा पुसावा तशी पुसायचा आणि त्याच टेबलावर जेवणाचा डबा उघडायचा.

"तुम्हाला किळस म्हणून नाहीच का हो?" बायको नाक मुरडून विचारायची.

"तोंडं तर सगळ्यांनाच असतात," तो म्हणायचा आणि हात धुवायला जायचा.

चाळिशी उलटल्यावर त्याला चित्रं काढायचा नाद लागला. पेन्सिली आल्या, जाड कागद आले आणि पत्र्याच्या डबीतून एक करडं, मऊ खोडरबर आलं. ते कणकेसारखं मळायचं, टोक काढायचं आणि कागदावर नुसतं टेकवायचं. रेघ अलगद उचलली जायची आणि रबराच्या पोटात जाऊन बसायची. त्याला ते फार आवडलं. चुकांचा कचरा म्हणून उरत नसे.

सुट्टीच्या सकाळी तो ताईला खिडकीशी बसवायचा. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आईमागे तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता आणि आता ती त्याच्याकडेच राहत होती.

"नीट काढ रे बाबा. नाहीतर पोस्टाच्या पेटीसारखं तोंड करून ठेवशील माझं," ती म्हणायची. पण बसायची खुशीने.

डोळे जमले. कपाळावरची बट जमली. ओठ मात्र काही केल्या जमेनात. काढले की ते दुसऱ्याच कुणाचे तरी वाटायचे. मग खोडायचे, पुन्हा काढायचे, पुन्हा खोडायचे. कागदाला तेवढ्या जागी बारीक लव फुटली, पण तोही हट्टाला पेटला होता.

एका सकाळी त्याने डबी उघडली, तर रबर कोमट लागलं. खोली चांगली गार होती. रबर ओलसरही होतं आणि त्याला वास येत होता. रात्रभर तोंडात राहिलेल्या कवळीचा आंबूस वास तो झोपेतसुद्धा ओळखला असता. हाताचा घाम लागला असेल, असं म्हणून त्याने रबर साबणाने धुतलं, स्पिरिटने पुसलं आणि पुन्हा ओठांना भिडला.

पुढच्या खेपेला रबराची एक बाजू गुलाबी झाली होती. हिरडीसारखी चकचकीत. बोटाने दाबली की पांढरी पडायची आणि बोट काढलं की हळूहळू पुन्हा गुलाबी व्हायची.

"हे काय ठेवलंय कपाटात?" बायको नाकाला पदर लावून म्हणाली. "उंदीर मेल्यासारखा वास मारतोय. फेका ते आधी!"

"एवढं चित्र होऊ दे," तो म्हणाला. ते रबर हातात धरताना आता त्याच्या अंगावर शहारा यायचा, तरी त्याने ते सोडलं नाही.

मग खुणा दिसल्या. रबरावर बारीक खड्ड्यांची एक कमान उठली होती. कुणीतरी चावलं होतं.

शेजारचं मांजर, त्याला वाटलं. पण डबी तर घट्ट बंद होती. तो ती खिशात घालून कामावर गेला आणि त्याला जे येत होतं तेच त्याने केलं. खुणांमध्ये प्लास्टर ओतलं आणि घट्ट व्हायची वाट बघितली. रबर सोडवताना चिकट आवाज झाला आणि लाळेची तार लांबत जाऊन तुटली.

प्लास्टरवर खालचे पुढचे दात उमटले होते. त्यातला एक शेजारच्यावर आडवा चढलेला.

तो ताईचा दात होता. तो उपटून कैक वर्षं झाली होती. नवी कवळी त्यानेच बनवली होती आणि 'माझा वाकडा दात कुठे गेला?' म्हणून ती लटकं रुसलीही होती.

त्याला जन्मात पहिल्यांदा शिसारी आली. बेसिनवर वाकून तो ओकला. मग चिमट्याने ते रबर उचलून त्याने दवाखान्याच्या जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकलं, पिशवीची गाठ मारली आणि तसाच घरी गेला.

ताई खिडकीशी तोंडावर हात धरून बसली होती.

"तोंडाची चव गेलीय बघ माझी," ती हाताआडून पुटपुटली. "शिसपेन्सिल चघळल्यासारखं वाटतंय. आणि पाणी प्यायले की सगळं ओघळतं."

"हात काढ बघू."

तिने हात काढला. ओठ होते, पण त्यांना कड नव्हती. ते गालांवर, हनुवटीवर राखेसारखे पसरले होते. तिथल्या कातडीला बारीक लव फुटली होती.

ही त्याची ताई होती आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

"हलू नकोस," तो म्हणाला आणि कागद ओढला.

आता खोडायला रबर नव्हतं. त्याने पेन्सिल कागदाला टेकवली.

एकच रेघ. सलग. जमली.

समोर तिचा ओठ सरकला. गोगलगाय अंग आखडते तसा, ओला होत, गोळा होत, आपल्या जागी आला. त्याने तोंडात आलेलं आंबट पाणी गिळलं, पण नजर हटवली नाही.

"अगंबाई, चव आली की!" ताई म्हणाली. तिने चित्र हातात घेतलं. "आणि ही तर हुबेहूब मीच!"

संध्याकाळी तिघं जेवायला बसले. ताई पोटभर जेवली, भरभरून बोलली. त्याचा जीव हळूहळू भांड्यात पडला.

"वन्सं, हनुवटीला सूप लागलंय," बायको म्हणाली आणि तिने नॅपकिन पुढे केला.

"ताई, पुसू नको..." तो उठता उठता ओरडला.

ताईने सवयीने खसाखसा तोंड पुसलं आणि नॅपकिन ताटाशेजारी ठेवला.

बायको हातातला डाव तसाच धरून ताईकडे बघत राहिली.

त्याने ताईकडे पाहिलं नाही. तो नॅपकिनकडे बघत होता. त्यावर ओठांची करडी रेघ अख्खी उतरली होती आणि सावकाश उघडमीट करत होती.