मोदकांची साक्ष

शनिवारी दुपारी मी नेहमीसारखा डीमन या आमच्या डच गावाहून आगगाडीने हार्लेमला निघालो. तिथल्या एका दप्तरखान्यात साडेचारशे वर्षांपूर्वीचे डच कागद वाचून मी टंकित करून देतो. ही जुनी लिपी घरी बसून एकट्याने शिकलो. रोजनिशी तर सव्वीस वर्षं लिहितोय, एक दिवस चुकलेला नाही.

गाडीत असताना कुमुदिनीताईंचा फोन आला. त्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षा.

"श्रीकांतराव, माघी गणपतीचे मोदक प्रांजलीने पाळी चालू असताना केले. वर हसून सांगितलं सगळ्यांना. तुमच्या डायरीत असेलच."

होतं. प्रांजलीचं वाक्यही होतं: 'आईच्या अंगाच्या मळातून जन्मलेल्या बाप्पाला माझी पाळी खटकेल होय?' मला ते आवडलं, म्हणून टिपलं होतं.

"उद्या बैठकीत ते पान वाचून दाखवा. माफी मागितली तर ठीक, नाहीतर मंडळातून तिचं नाव कमी करू."

"बघतो," मी म्हणालो. तिथेच नाही म्हणायला हवं होतं.

वाचनकक्षात शाईला बंदी, फक्त पेन्सिल चालते. पिशवी, डायरी, सगळं बाहेरच्या कप्प्यात कुलूपबंद करून आत गेलो. त्या दिवशी वाचायला घेतलेली चौकशी नेल्त्ये नावाच्या विणकर बाईची होती. गुन्हा काय, तर उपासाच्या शुक्रवारी तिच्या घरातून मांसाचा वास आला. धर्मपरीक्षक पाद्री विचारतो, शेजारी उत्तर देतो. तारीख कोणती, भांडं कोणतं, झाकण कोणी उचललं, आणखी कोण हजर होतं. शेजाऱ्याने सगळं टिपून ठेवलं होतं. 'मी द्वेषाने लिहिलं नाही,' तो म्हणतो, 'दिसलं ते लिहिलं.' शेवटच्या ओळीत बाईला पोत्यात घालून बुडवल्याची नोंद.

माझं डोकं तापलं. बाईचं पातेलं हुंगत बसणारा तो कसला देव? आणि त्याच्या वतीने हुंगणारे हे कोण लागून गेले? मग आठवलं, टिपून ठेवणारा इथेही एक बसलाय.

तेवढ्यात मागून करकर ऐकू आली... कागदावर चालणाऱ्या पिसाच्या लेखणीची. ओल्या लोकरीचा वास आला. वळून पाहिलं. मागचं टेबल रिकामं होतं. खिडकीबाहेर अंधारून आलं होतं.

देखरेख करणाऱ्या बाई जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "सर, इथे फक्त पेन्सिल..."

माझ्या उजव्या हाताच्या बोटांना तपकिरी शाई लागली होती.

कप्प्याची किल्ली माझ्या खिशातच होती. कप्पा उघडला, डायरी काढली. प्रांजलीच्या वाक्याखाली जुन्या वळणाच्या डच अक्षरात एक प्रश्न होता. मघाच्या पाद्रीने शेजाऱ्याला विचारलेला, शब्दाला शब्द तोच: 'आणखी कोण हजर होतं?' त्याखाली मराठीत, माझ्या अक्षरात उत्तर: 'सारण माझ्या बायकोने, मृदुलाने केलं. तिला सगळं ठाऊक होतं.'

ते खरं होतं. मृदुलाने ते फक्त मला सांगितलं होतं, आणि मी कुठेही लिहिलं नव्हतं.

पान फाडलं. बारीक तुकडे करून स्टेशनवरच्या कचराकुंडीत टाकले आणि तिथूनच फोन लावला.

"ताई, मी काही वाचणार नाही. प्रांजलीने माफी मागायचं कारण नाही. बायकांच्या पाळ्यांवर पहारा ठेवायला मंडळ काढलं होतं का आपण?"

"नका वाचू," कुमुदिनीताई शांतपणे म्हणाल्या. "पान मिळालं मला. आत्ताच दारातल्या पत्रपेटीत पडलं. अक्षर तुमचंच आहे. मृदुलाचंही नाव आहे... उद्या तिलाही घेऊन या."

पलीकडे कागद सळसळला.

"फक्त एक सांगा, श्रीकांतराव," त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ही शाई अजून ओली कशी...?"