सरळ पोहणारा मासा

पाणी बिघडलंय हे तुम्हांला ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही दुरुस्त केलात तो मासा. कागदावर तुम्ही याला काहीही म्हणा, आंबोळखाडीत याला लबाडी म्हणतात.

खाडीच्या तोंडाशी, समुद्रतळाखालच्या खडकात, तुम्ही कंपनीवाले बावीस वर्षं कारखान्यांचा कर्बवायू कोंबत आलात. राखण म्हणून काठावरच्या घराघरात काचेची टाकी दिलीत, तिच्यात खाडीचंच पाणी खेळवलंत आणि नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाऊनफिश सोडलेत. त्यांना नाव दिलंत साक्षीमासे. माशाच्या मेंदूत पेशींचा एक पुंजका असतो. अंगातला कर्बवायू वाढला की तो बोंब मारतो : गुदमरतोयस, हाल! शास्त्रज्ञ त्याला धापगाठ म्हणतात. साक्षीमाशांची धापगाठ मुद्दाम तिखट केलेली. तळातून जरा वायू झिरपला की मासा कलायचा, डोकं वर करून एका कोपऱ्यात थरथरत पोहायचा. मासा कलला की कळवायचं, एवढंच लोकांचं काम.

यंदा गणपतीनंतर सगळ्या वाडीचे मासे कलले. लोकांनी कळवलं. गाडी आली, कललेले मासे घेऊन गेली आणि सरळ पोहणारे नवे देऊन गेली. वाडीने आनंदाने बदलून घेतले, कारण वाडी मासळी विकणाऱ्यांची. दारात मरतुकडा मासा दिसला तर गिऱ्हाईक म्हणेल, हिच्या टोपलीतलाही शिळाच असणार. त्या लाजेपायी सव्वीस घरांनी आपले साक्षीदार आपल्या हाताने देऊन टाकले.

सत्ताविसावं घर शेवंती कुबलचं, अगदी खाडीला लागून, सखल जागेत. तिने मासा दिला नाही. तिच्या टाकीत जोडी होती. मोठी मादी मेली आणि मागे राहिलेला नर चार महिन्यांत मादी झाला; या जातीत ते होतंच. पण शेवंती बाजारभर सांगत सुटली, “घरात एकच बापयो उरललो, तोय बाई झालो!” अशा माशाला ती कशाला सोडते?

म्हणून एका दुपारी डॉक्टर हर्षल मोघे स्वतः आले. साक्षीमासा त्यांनीच घडवलेला. हातात पाण्याने फुगवलेली पिशवी, पिशवीत नवा मासा.

“काकी, तुमचा मासा आजारी आहे. हा घ्या.”

“आजारी? तीस वर्षां मासळी विकतंय, डॉक्टर. कल्लो बघा, लालबुंद. तुमच्यापेक्षा बरो दिसता.”

पाहुण्यासाठी आणलेली सोड्याची बाटली ओट्यावर होती. शेवंतीने डॉक्टरांच्या हातातली पिशवी घेतली, पाण्यासकट मासा एका पातेल्यात ओतला आणि वरून अर्धी बाटली सोडा.

“काकी, काय करताय!”

“सोड्यात तोच वायू ना? बघूया तुमचो मासो काय म्हणता.”

मासा काहीच म्हणाला नाही. बुडबुड्यांतून ऐटीत, सरळ रेषेत फिरत राहिला. कल्ले मंदावले. मग तसाच, न कलता, न थरथरता, तळाला बसला तो पुन्हा उठला नाही.

“सरळ पोवता पोवता मेलो,” शेवंती म्हणाली. “ह्याची धापगाठ खय गेली?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “बंद केलीय. वरून हुकूम आला. लोक उगाच घाबरतात म्हणे.”

“आणि तुमी केलात.”

“केलं.”

“ही गाठ माणसात असता?”

“असते. ती नसेल तर गुदमरतानाही माणसाला छान वाटेल.”

आतल्या खोलीतून कुंदा आली, शेवंतीची लेक. पहिलं बाळंतपण, म्हणून आठव्या महिन्यात माहेरी आणलेली. “आये, मी जरा पडतंय. सुई घेतल्यापासून कसा हलका वाटता. धाप म्हणून नाय.”

“कसली सुई?” डॉक्टरांनी विचारलं.

“श्वासशांती. कंपनीवालेच काठावरच्या सगळ्यांका देतत, खोकल्यार. माझी चौथी झाली.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. शेवंतीने तो पाहिला. माशाचा डोळा वाचणाऱ्या बाईला माणसाचा चेहरा काय अवघड? कुंदाला तिने आत पाठवलं, दार ओढून घेतलं.

“बोला.”

“औषध तेच आहे,” डॉक्टर पुटपुटले. “माशांसाठी मीच शोधलेलं. माणसांना देतायत हे मला... काकी, नाळेतून ते बाळातही जातं.”

“बाळाक काय होता?”

“पोटात बाळ श्वास घेत नाही, आईचंच रक्त सगळं करतं. नाळ कापली की बाळाच्या रक्तात वायू साठतो, धापगाठ ओरडते, आणि मूल पहिला श्वास घेतं. रडतं.”

“आणि गाठ ओरडलीच नाय तर?”

डॉक्टरांनी पातेल्यातल्या माशाकडे पाहिलं.

शेवंतीने त्यांचाच फोन त्यांच्या हातात दिला. “हुकूम देणाऱ्याक लावा. माका बोलूचा हा.”

लागला. पलीकडून गोड आवाज आला, तक्रार नोंदवून घेतो म्हणाला.

“तक्रार नाय,” शेवंती म्हणाली. “माझ्या लेकीक पुढच्या महिन्यात पोर होतला. हूं की चूं न करता, शांत, तुमच्या माशासारख्या. तां रडतला काय नाय? होय की नाय, एवढाच सांगा. मी फोन ठेवचंय नाय. सांगा!”