धारेच्या डाव्या बाजूला

सूप आटोपलं. सास नावाच्या बर्फाळ खोऱ्यावरच्या त्या दगडी निवाऱ्यात आता चुलीतल्या निखाऱ्यांचा काय तो उजेड उरला. पहाटे दोनला निघायचं होतं, तरी वाटाड्याचं शिक्षण घेणारी तिघं पोरं जागची हलेनात.

"अम्ब्रोसकाका, ही वरची डोंगरधार तुम्ही एकट्यानं ओलांडलीत म्हणे?" यानिकनं विचारलं.

"एकटा ओलांडतो तो वाटाड्या नव्हे, गाढव," म्हातारा म्हणाला. "आणि माझं सोडा. मेडार्ड बूमानचं ऐका. माझा दोस्त. खोटं बोलायला लागणारी अक्कल देवानं त्याला दिलेलीच नाही."

एकोणीस ऑगस्ट दोन हजार अठरा, रविवार. मेडार्डची लेक सेवेरिना वाटाड्याच्या परीक्षेला बसणार होती. वहीत एकच चढाई नोंदवायची राहिली होती, तीन शिखरं जोडणारी ही हिमधार. राईचा पाव आणि सुकं मांस पिशवीत टाकून बापलेक याच दारातून बाहेर पडले.

"बाबा, गुडघ्यांची परवानगी घेतलीत ना?"

"गुडघे माझे, परीक्षा तुझी. चल पुढं."

हिमनदी पार झाली. पहाटे चारच्या सुमाराला पहिलं शिखरही मागं पडलं. पुढं धार, जेमतेम पाऊलभर रुंद, दोन्ही अंगांना खोल उतार. लेक पुढं, बाप मागं, मध्ये दोर, बापाच्या हातात दोराची चार वेटोळी. चंद्र केव्हाच मावळला होता. त्यात ढग चढून आला आणि कपाळावरच्या दिव्याला हातभर अंतरापलीकडे काही दिसेना.

अशा धारेवर दोर अडकवायला काही नसतं. म्हणून एकच रीत. जोडीदार डावीकडे पडला की आपण उजवीकडे उडी टाकायची. दोर धारेवर अडकतो, दोन बाजूंना दोघं लोंबकळतात, पण जगतात. विचार करायचा नाही. विचार करत बसणारा दोघांनाही घेऊन जातो. सेवेरिना नऊ वर्षांची असताना मेडार्डनं तिला हे अंगणातल्या भिंतीवर शिकवलं होतं.

"बाबा! डावीकडे!"

तिचाच आवाज. हातातली वेटोळी सर्रकन सुटली. मेडार्डनं उजवीकडे उडी टाकली.

पाच हात. दहा हात. मग दोर ताठ झाला. कमरेत कळ उठली. तो अंधारात लोंबकळत राहिला. दोरानं त्याला तोलून धरलं होतं. म्हणजे पलीकडे पोरगी जिवंत होती.

"सेवेरिना!"

उत्तर आलं. पण पलीकडून नाही. वरून.

"बाबा, उडी का मारलीत?"

अम्ब्रोसनं चुलीत काटकी सारली. निखारा तडतडला.

"मग?" यानिकनं विचारलं.

मग मेडार्ड बर्फात कुऱ्हाड मारत मारत वर आला. लेक धारेवर पालथी पडली होती, कुऱ्हाड बर्फात रुतवून.

"तू पडलीस ना?"

"मी कुठं पडले? मी हाकसुद्धा मारली नाही."

दोघांनी दिवे दोरावर वळवले. दोर त्याच्या कमरेपासून निघून डावीकडे खाली गेला होता. तिच्या कमरेपासूनही... डावीकडे खाली. ताठ. मधोमध काहीतरी जड लटकत होतं.

"कोण आहे?" मेडार्डनं विचारलं.

दोराला हिसका बसला. थांबला. पुन्हा हिसका. कुणीतरी चढत होतं. दर हिसक्याला सेवेरिना वीतभर डावीकडे सरकत होती.

"बाबा, कापा."

माणूस लटकत असलेला दोर वाटाड्या कापत नाही. मेडार्डनं सुरी काढली. हात हलेना.

"बाबा..."

तिचे पाय कडेबाहेर गेले.

त्यानं सुरी दोराला लावली.

आणि वजन गेलं. कापण्याआधीच. खाली काही पडल्याचा आवाज नाही. काहीच नाही.

उजाडेपर्यंत दोघं धारेवर बसून होते. एकमेकांचा हात धरून. ढग विरला तेव्हा डावा उतार दिसला. ताजं बर्फ. त्यावर एक ओरखडा नाही.

मेडार्डनं दोर वर ओढला. तेवढ्या वेळात तो गोठून काठीसारखा झाला होता. मधोमध एक फास होता. माणसाच्या कमरेएवढा. ती गाठ दोघांपैकी कुणीही मारलेली नव्हती. मेडार्डनं हातमोजा काढला, फास हातात घेतला.

तेवढाच दोर मऊ होता. कोरडा.

आणि... उबदार.